लोकेंद्रच्या मंडईला बोरा घेऊन या

बेलाटोला, जि. गोंदिया
३ ऑक्टोबर २००३

चि. सौ. सोनिकास,
रविता वहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस, बसून वाच. आपला लोकेंद्र गेला. परवा नागपूरचा कार्यक्रम आटोपून बँडची गाडी परत येत होती, ती कोहमाऱ्याच्या अलीकडे उलटली. बाकी तिघं खरचटण्यावर वाचले, तो जागच्या जागी गेला. अडतीस वर्षांचा होता गं.

काल मी मुर्रीला त्याच्या घरी जाऊन आले. नातं काही नाही, तरी गेले. अंगणात बसलेले सगळे एकच बोलत होते, इंजिनियरिंग सोडून गिटार बडवत फिरला, काय मिळवलं पोट्ट्यानं. त्याची आई चमेलीबाई भिंतीला टेकून हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी मला विचारलं, तू कोण. मी म्हटलं, त्याची गाणी ऐकणारी. त्या म्हणाल्या, असं कोणी असते काय?

मला राहवलं नाही, सोनिका. म्हटलं, दिवाळीनंतर आमच्या टोल्यावर मंडईची जत्रा भरते, तिला या, किती असतात ते दाखवते. मंडईची रात्र दरवर्षी त्याची असते, यंदाही त्याचीच राहील. शब्द तर देऊन बसले. मंडई समितीचे अध्यक्ष कोण, तर तुझेच वडील, आपले बाबूजी. पोरं हट्ट धरतात म्हणून इतकी वर्षं त्यांनी लोकेंद्रला चालवून घेतलं, नाहीतर त्याचं गाणं म्हणजे त्यांच्या लेखी टिनावर पडलेल्या गारा. त्यांना अजून विचारलेलं नाही.

सातवा महिना आहे, जड उचलू नकोस. माया आहे तशी ओली राहू दे आणि पत्राला उशीर करू नकोस.
तुझी वहिनी,
रविता

भिलाई
९ ऑक्टोबर २००३

ती. सौ. रविता वहिनीस,
सोनिकाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी रडले की सासूबाईंनी विचारलं, माहेरचं कोणी गेलं का. मी हो म्हटलं. खोटं वाटलंच नाही.

मुर्रीचा तो पहिला कार्यक्रम आठवतो का, नव्व्याण्णव सालचा? त्यानं गिटारची तार ओढली आणि मागे बसलेले दोन म्हातारे उठून राइस मिलकडे धावले. पट्टा तुटला वाटलं त्यांना. मग ड्रमवर ठेका आला आणि सगळ्यांचे पाय हलायला लागले. तो आपल्या रोवणीचाच ठेका होता. चिखलात वाकून रोपं खोचताना बायकांचा हात ज्या लयीत चालतो, तीच लय, फक्त गडगडत आलेली. तो गायचा, ‘चिखल म्हणतो थांब’, आणि माइक लोकांकडे वळवायचा. त्या उन्हाळ्यात तुमची आई गेली होती. तुम्ही घरात कामापुरतं बोलायचात. त्या रात्री ‘मी म्हणतो चाल’ असं ओरडणारी पहिली बाई माझ्या शेजारी बसलेली माझी वहिनी होती. डोक्यावरचा पदर पडला, तुम्हाला पत्ता नाही. घरी येताना तुम्ही मला आईच्या गोष्टी सांगितल्या. अर्ध्या रस्त्यात हसलातही.

आणि आपल्या मंडईत ऐन गाण्यात लाईट गेली होती ते? पोरांनी ट्रॅक्टरचे दिवे स्टेजवर रोखले आणि तो नुसत्या गळ्यानं गात राहिला. लाईट परत आली तेव्हा लोकांनी ती बंद करायला लावली!

पण वहिनी, शब्द काऊन दिला? बाबूजी ऐकायचे नाहीत. आमचे हे म्हणतात, तुझी वहिनी नवेगावच्या जंगलातली वाघीण आहे, काळजी तू तुझ्या बाबूजींची कर. मला डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला सक्त मनाई केली आहे. जीव तिकडे आणि देह इकडे, अशी गत झाली आहे.

माझ्यावरची सावली अशीच असू द्या.
तुमची,
सोनिका

बेलाटोला
१६ ऑक्टोबर २००३

चि. सौ. सोनिकास आशीर्वाद.

विचारलं. बाबूजी म्हणाले, मंडई हसण्याखेळण्याची, तिथं मेलेल्याचं नाव कायले पाहिजे? आणि गाणाराच नाही तर ऐकायले कोण येऊन राहिलं? मी दाराआडून म्हटलं, येतील. ते हसले. म्हणाले, बोरे पडले तर मांडव देतो, जा.

सोनिका, ते थट्टेत बोलले, पण बोलले ना! आपल्या टोल्याची रीत तुला ठाऊक आहे. पाहुण्यानं रात्रीच्या कार्यक्रमासाठी मैदानात बसायला बोरा, आपलं साधं गोणपाटाचं पोतं, अंथरला की ती जागा त्याची. तो बोरा कोणी उचलायचा नाही, आणि कार्यक्रम दाखवल्याशिवाय पाहुण्याला परत धाडायचं नाही. चारचौघांत मिशीवर हात फिरवत ही रीत सांगतात ते आपले बाबूजीच.

सध्या घरोघरी मंडईची निमंत्रणं चालली आहेत. लेकी, जावई, व्याही, सगळ्यांना. टोल्यातल्या अर्ध्या बायका कार्ड माझ्याकडूनच लिहून घेतात. प्रत्येकीला विचारून मी खाली एक ओळ टाकते: येताना बोरा घेऊन या, रात्री लोकेंद्रची गाणी आहेत. नाही म्हणणारी एकही भेटली नाही. पुरुषांना कोणी सांगितलेलं नाही.

त्याचा ड्रमवाला इंद्रकुमार येऊन गेला. म्हणाला, वाजवायला आम्ही तिघं आहोत, गायला कोणी नाही. मी म्हटलं, तुम्ही वाजवायला या तर खरं. मैदान रिकामं राहिलं तर माझं हसं होईल, त्याचं काही नाही. पण चमेलीबाई माझ्या शब्दावर येणार आणि रिकामं मैदान पाहून जाणार, हे मनात आलं की आणखी एक कार्ड लिहायला घेते.

तुझ्या पोटातल्या बाळाला माझी पापी. आठवण काढत राहा.
रविता

भिलाई
२१ ऑक्टोबर २००३

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

तुमचं धाडस वाचून घाम फुटला. लोकांच्या निमंत्रणात, न ठरलेला कार्यक्रम! बाबूजींना कळलं तर दादालाही तुमची बाजू घेता येणार नाही. हे एवढं लिहून झाल्यावर मी बालाघाट, शिवनी आणि डोंगरगडच्या सगळ्या आत्या-मावश्यांना पत्रं टाकली. शेवटची ओळ तुमचीच घातली.

गाण्याचं मलाही कळत नाही. फक्त त्याच्यासारखा आवाज काढणारा कोणी उभा करू नका. ते चमेलीबाईंना सोसणार नाही.

लोभ आहेच, धीरही धरा.
सोनिका

बेलाटोला
२ नोव्हेंबर २००३

चि. सोनिकास,
बाबूजीचा आशीर्वाद.

सूनबाई तुले लिहीलच, आणि वाढवून लिहील. म्हणून आधी मी लिहून राहिलो. मले लिहायची सवय नाही, समजून घेजो.

मंडईच्या दिवशी सकाळी मैदानावर गेलो तं पाहतो काय, बोरेच बोरे. एसटीतून, ट्रॅक्टरमधून, सायकलवर, बायका बोरे काखेत मारून येऊनच राहिल्या. मिठाईवाले बोंबलत होते का आमची दुकानं लावावी कुठं. एका बाईले मी म्हटलं, हा बोरा उचल. ती म्हणे, पाटील, रीत तुमच्याच गावची ना? म्या बल्ल्या आणवल्या. मांडव घातला. मिलवरचा जनरेटर आणला. सूनबाईकडे पाहिलं तं ती भाजी निवडत होती, जसं काही तिले ठाऊकच नाही.

अंधार पडला, वाजवणारे तिघं बसले. मधात माइक नुसताच उभा. लोकेंद्रची माय समोर आणून बसवली होती. ठेका सुरू झाला आणि त्याच्या गाण्याची जागा आली. कोणी गाईना. ड्रमवाल्यानं फिरून ठेका दिला. मले वाटलं, गेली आता गावाची अब्रू. खरं सांगतो, सूनबाईचं तोंड पाहून मले पहिल्यांदा वाटलं का ही हारू नये.

अन् मंग बायकांच्या बाजूनं त्याची ओळ उठली. एकीनं नाही, सगळ्यांनी. पुरुषांच्या बाजूनं जवाब गेला. कोणी शिकवलं नव्हतं, बापा! मैदान असं हाललं का मांडवाच्या बल्ल्या धरायले पोरं धावली.

चमेलीबाई उठून उभी राहिली, स्टेजकडे पाठ करून. सारा वेळ लोकांकडेच पाहत होती. मले बसायले इंचभर जागा नव्हती, माझ्याच मंडईत! ती म्हणे, पाटील, माझ्या बोऱ्यावर बसा, मले तं उभंच राहायचं आहे. मंग म्हणे, माझं पोट्टं एवढ्या घरचं होतं, मले कोणी सांगितलंच नाही. मी बसलो तिच्या बोऱ्यावर. गाणं संपलं तं तिनंच दोन्ही हात वर करून वन्स मोअर मागितला. तिच्या मागून साऱ्या मैदानानं.

आता माझा आवाज पार बसला आहे. थंडीनं बसला. सूनबाई दुसरं कारण लिहील, त्याच्यावर भरवसा ठेवू नको. काल सडक अर्जुनीकडचे लोक विचारायले आले होते का पुढच्या मंडईची रात्रही लोकेंद्रचीच काय. माझ्या गळ्यातून शब्द निघेना. तितक्यात सूनबाई ओसरीवर येऊन, सगळ्यांच्या तोंडासमोर म्हणाली, हो. सारे माझ्याकडे पाहायले लागले. मी मान हलवली. उभी का आडवी, ते तिलेच विचारजो.

जिवाले सांभाळजो, बाबूजीवर राग धरू नको.
हुकुमचंद