स्प्युरिअस म्हणजे सीरियसच्या वरचं

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज डायरी. दुसरं कुणी वाचणार नाही, त्यामुळे सगळं खरं लिहायचं.

तर खरं हे. ऑगस्टमध्ये छायाची छातीतली गाठ काढली. त्या दिवशी वणीच्या देवीला बोललो, बायकोचा सहा महिन्यांचा चेकअप क्लिअर येईपर्यंत मटणाला शिवणार नाही. छायानेही लगेच सोडलं. चेकअप १२ तारखेला. माझा नेम एकदम कडक चालू आहे.

कंपनी सुटल्यावर खंडेरावच्या गाडीवर थोडी कलेजी. कलेजी म्हणजे मटण नव्हे. ती रक्तवाढीसाठी असते.

४ फेब्रुवारी
पोट बिघडलं. छाया म्हणाली, कँटीनचं तेल असेल. मीही म्हणालो, तेलच. गंगापूर रोडच्या डॉक्टर अदिबा मॅडमनी शौचाची तपासणी लिहून दिली. ती डबी हातात धरून सातपूरहून बसने जाणं म्हणजे काय, ते माझं मला माहीत.

६ फेब्रुवारी, संध्या. ७
रिपोर्ट आला. अंडी! लिव्हर फ्लूक नावाच्या जंताची. आणि पुढे शेरा: स्प्युरिअस.
मॅडम लग्नाला गेल्यात, सोमवारी भेटतील. लॅबमधली मुलगी म्हणाली, जंतांच्या शास्त्रातला शब्द आहे, क्वचितच लिहावा लागतो, अर्थ मॅडमच सांगतील. मला अर्थ सांगायची गरज नाही. माझं इंग्लिश पहिल्यापासून स्ट्राँग. सीरियसच्या वरची पायरी असणार.
छायाला सांगितलं. तिने लगेच आईला फोन लावला.

७ फेब्रुवारी
सासूबाई सायखेड्याहून आल्या. मेथी, कोबी, अर्धं पोतं गहू. म्हणाल्या, जावईबापू, लय वंगाळ दुखणं हाय, वझं उचलू नका. गहू छायाने जिना चढून आणले. ऑपरेशनच्या बाजूचा हात अजून दुखतो तिचा, मधे दोनदा थांबली. फार वाईट वाटलं. पण स्प्युरिअस माणसाने जड उचलू नये.
आजपासून साडेपाचला उठून प्राणायाम.

८ फेब्रुवारी, रविवार
साडेआठला उठलो.
छायाने हॉस्पिटलला फोन करून १२ ची तारीख रद्द केली. आता थेट महिनाअखेर. म्हणाली, आधी तुम्ही बरे व्हा, माझं काय, मी कुठे पळून जातेय. मी म्हणणार होतो की असं करू नको, तू जा. तोंडापर्यंत आलं होतं. उद्या सकाळी नक्की म्हणायचं.
या विचाराने अशक्तपणा आला. फिरायला म्हणून बाहेर पडलो. खंडेरावकडे अर्धी प्लेट. अर्धी धरत नाहीत.

९ फेब्रुवारी, दुपार
सकाळी म्हणायचं राहिलं. मोबाइलमध्ये शब्द पाहिला. स्प्युरिअस: खोटा, बनावट. म्हणजे लॅबवाले माझ्या सँपलला बनावट म्हणतात? तक्रार करणार. लेखी.

तीच तारीख, संध्या.
तक्रार केली नाही.
छाया हट्टाने दवाखान्यात सोबत आली. मॅडम हसून म्हणाल्या, घाबरू नका, हा आजारच नाही. बकऱ्याच्या कलेजीत अशी अंडी असू शकतात. माणूस ती कलेजी खातो, अंडी नुसती पोटातून प्रवास करून बाहेर पडतात. जंत माणसात नसतोच, म्हणून स्प्युरिअस म्हणायचं. मग विचारलं, तपासणीच्या आधी दोन-चार दिवसांत कलेजी खाल्ली होती का?
मी म्हणालो, आठवत नाही.
छाया म्हणाली, शक्यच नाही मॅडम, यांनी माझ्यासाठी ऑगस्टपासून सोडलंय. किती अभिमानाने म्हणाली! मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मी भिंतीवरच्या आतड्यांच्या चित्राकडे. शेवटी त्यांनी लिहून दिलं: कलेजी आठ दिवस बंद, पुन्हा तपासणी.
रिक्षाने परत आलो. छायाने सातपूरला उतरताना विचारलं, खंडेरावकडे का? मी म्हणालो, अर्धीच प्लेट. ती म्हणाली, खाल्लंत त्याचं काही नाही हो, पण मी माझी तारीख सोडली.

१० फेब्रुवारी
छायाने हॉस्पिटलला चारदा फोन केला. १२ तारीख दुसऱ्या कुणाला दिली. खूप विनवल्यावर १८ मिळाली.
मी गहू डब्यात भरून ठेवले. तिने पाहिलं की नाही, कळलं नाही.

१७ फेब्रुवारी
माझा दुसरा रिपोर्ट. एकही अंडं नाही. फ्रिजवर ठेवला, दिसेल असा. कुणी उचलला नाही.

१८ फेब्रुवारी, दुपारी १२
छाया तपासणीला गेली. सासूबाई पहाटेच सायखेड्याहून आल्या होत्या, त्या सोबत. मी येतो म्हणालो. चप्पलही घातली होती. छाया म्हणाली, नको, तुम्ही आराम करा. चिडून म्हणाली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.
रिपोर्ट शनिवारी.
घरातल्या देवीच्या फोटोपुढे उभा राहिलो. हात जोडले. आता काय सोडतो म्हणू, ते सुचेना. माझ्या अर्ध्या प्लेटीपायी हिच्या रिपोर्टात काही निघालं तर?
पोटात गोळा आलाय. या वेळी खरा. पण सांगणार कुणाला?