पेट्याचा मान

सोमवार, १८ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. कारण: १४ डिसेंबर, शनिवार, माझ्या मुलीचं, मुहोंजाचं लग्न. चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत तिला हात देऊन मी नेणार. काठीशिवाय. उजव्या पायाचा अंगठा काल पहाटेपासून पिकल्या टोमॅटोसारखा झाला आहे, पण त्याचा या कार्यक्रमाशी संबंध नाही.

दोरिकाने बळेच काकामेगा शहरात डॉक्टरकडे नेलं. पोरगेलासा डॉक्टर. मी या भागाचा चीफ होतो तेव्हा हा शाळेत नाक पुसत असणार. रक्त काढलं, कागद बघितला, म्हणाला गाऊट. रोज एक गोळी, न चुकता, आणि पथ्य. पथ्याबद्दल बरंच बोलला. मुख्य मुद्दा मी पकडला: गाईचं मांस बंद. तपशील दोरिकाने ऐकला. बायकोला सोबत नेतात ते त्याचसाठी.

निर्णय: मांस आजपासून बंद. म्हणजे उद्यापासून. आजचं शिजलेलं आहे, टाकलं तर पाप.

बुधवार, २० नोव्हेंबर
मांस सोडलं. लोक उगाच बाऊ करतात. इच्छाशक्ती लागते, बस्स.

मांसाऐवजी ओमेना. सरोवरातली बोटभर सुकी मासळी, मक्याच्या घट्ट उगालीबरोबर, सकाळ-संध्याकाळ. हलका आहार. संध्याकाळी दोरिकाने ताट ओढून घेतलं. डॉक्टरनं ओमेनाचं नाव घेऊन सांगितलंय म्हणे. मी विचारलं, एवढीशी मासळी एवढ्या मोठ्या माणसाचं काय वाकडं करणार? तर म्हणाली, मुहोंजाचे बाबा, तुमचा अंगठा तरी केवढा आहे?

याचं उत्तर उद्या देईन.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर
घरगुती उपाय सुरू. गरम पाण्यात लिंबू. कडुनिंबाचा काढा (चव: शिक्षा). अंगठ्याला कोबीचं पान. चादरीचंही ओझं सोसत नाही. दुपारी अंगठ्यावर माशी बसली, तर माझ्या तोंडून जे निघालं ते शेजारच्या पाद्रीबाईंनी ऐकलं.

माझा धाकटा भाऊ एनोस येऊन गेला. म्हणाला, दादा, थंड पाण्याच्या बादलीत पाय ठेव. ठेवला. बरं वाटलं. पण ते त्याने सांगितलं म्हणून नाही, माझ्या डोक्यात सकाळपासून होतंच.

रविवार, २४ नोव्हेंबर
सूज उतरली! बूट चढला! पथ्य माझं, पाय माझा, आणि दोरिका श्रेय गोळीला देते. गोळ्या बंद केल्या. पाऊस थांबल्यावर छत्री धरून फिरणारा माणूस मी नव्हे.

चर्च सुटल्यावर मधल्या वाटेवरून दारापासून वेदीपर्यंत एकदा चालून पाहिलं. ताठ. पाद्री म्हणाले, चीफ, अजून परेडची चाल आहे.

संध्याकाळी पाऊस पडून गेला आणि पंखवाल्या वाळव्या उडाल्या. सगळं गाव दिव्याखाली टोपल्या घेऊन. भाजून मीठ लावून खाल्ल्या. हे काही मांस नाही. जमिनीतून वर येतं, त्या अर्थी भाजीच.

मंगळवार, २६ नोव्हेंबर
परत. आता जास्त. कारण सापडलं: बूट. नवा बूट होता.

दोरिकाला वाळव्यांचं कळलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं म्हणाली आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज बराच वेळ.

खिडकीपाशी खुर्ची, समोर स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर पाय. इथून दिसतं ते: फाटक, आंब्याचं झाड, आणि माझ्या अंगणात माझ्या मांडववाल्याला हुकूम देणारा एनोस. खांब चुकीच्या ठिकाणी रोवतोय. ओरडून सांगितलं. त्याने हात हलवला. त्याला वाटलं मी त्याची विचारपूस करतोय.

शनिवार, ३० नोव्हेंबर
चीफ आजारी ही बातमी पसरली. प्रेम आहे लोकांचं. भेटायला येणारा प्रत्येक जण काखेत कोंबडी घेऊन येतो. आलेली कोंबडी त्याच दिवशी कापायची, पाहुण्याला जेवू घालायचं आणि पेटा घरधन्याच्या ताटात. कोंबडीच्या पोटातला, कलेजीशेजारचा तो टणक गोळा म्हणजे नुसतं खाणं नाही. तो ज्याच्या ताटात, घर त्याचं. नवऱ्याला पेटा वाढला नाही म्हणून माहेरी पाठवलेल्या बायकांचे खटले मी चीफ असताना सोडवलेत. एकदा तर निकाल पेटा खाऊनच दिला. खरं म्हणजे माझ्या अमदानीत या भागात माझी भेट न घेता एकही पेटा कुणाच्या पोटात गेला नाही.

आज दोरिकाने तो एनोसच्या ताटात वाढला. सगळ्यांसमोर. डॉक्टरचं पथ्य म्हणे. एनोस म्हणाला, दादा, तुझ्या तब्येतीसाठीच खातो रे. आणि डोळे मिटून खाल्ला, रांडेच्याने. त्याच्या प्रत्येक चावण्याबरोबर माझ्या अंगठ्यात कळ आली.

रविवार, १ डिसेंबर
एनोसने सहज म्हणून विचारलं, सूट शिवून ठेवू का, वेळ सांगून येत नाही. मी म्हणालो, शिव, तुझ्या मुलीच्या लग्नात घाल. त्याला मुलगी नाही. तो उठून मांडवाकडे गेला. मला वाईट वाटलं, पण लगेच बरंही वाटलं.

दुपारी मुहोंजा स्टुलाशेजारी जमिनीवर बसली. नैरोबीतल्या नोकरीतून रजा काढून आली आहे. म्हणाली, बाबा, मला दुसरं काही नको. फक्त लग्नापर्यंत रोज गोळी घ्या आणि पेटा सोडा. मला तुमचा हात धरून चालायचंय. काकांचा नको.

शब्द दिला. चीफचा शब्द.

गुरुवार, ५ डिसेंबर
शब्द पाळतोय. भाजी, उगाली, पाणी, गोळी. पाणी इतकं की आंब्याच्या झाडापर्यंतच्या फेऱ्यांतच व्यायाम होतो. दोन कोंबड्या आल्या, दोन्ही पेटे एनोसला. खा म्हटलं, बाबा.

सूज ओसरली. आज बैठकीच्या खोलीत तालीम झाली. टेबल म्हणजे वेदी. दोरिका हाताने ताल धरून गाणं म्हणाली. मुहोंजाने माझ्या दंडाला धरलं. लहानपणी शाळेत जाताना धरायची तसंच, दोन्ही हातांनी. टेबलाशी पोचलो तर मला तिचा हात सोडवेना. म्हणालो, परत एकदा करू, पाऊल चुकलं. पाऊल चुकलं नव्हतं.

शनिवार, ७ डिसेंबर
व्याही आले. मुलीसाठी त्यांनी द्यायच्या गाई ठरवायची शेवटची बैठक. माणसं बरीच, कोंबड्या तीन.

झालेली हकीकत नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी विपर्यास करणार नाही. ताटं आली. तिन्ही पेटे एनोससमोर. व्याह्यांनी ताटाकडे पाहिलं, मग एनोसकडे वळून बसले आणि म्हणाले, तर मग गाईंचं कसं करायचं, मोठे? मोठे! एनोसला! माझ्या घरात, माझ्या मुलीच्या गाई! आणि एनोस घसा खाकरतो!

मी हात लांब केला आणि एनोसच्या ताटातून पेटे उचलले. तिन्ही. सावकाश चावून खाल्ले. मग व्याही माझ्याकडे वळले. बोलणी उत्तम झाली. एकही गाय कमी केली नाही. बोलणी पक्की झाल्यावर बुसाच्या, म्हणजे गावठी बिअरच्या मडक्यात सगळ्यांनी नळ्या सोडल्या. मी सोडली नसती तर अपशकून. शिवाय बुसा मक्या-नाचणीची असते. धान्य.

मुहोंजा हात धुवायला पाणी घेऊन दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं. माझ्या हातावर पाणी घातलं, टॉवेल दिला. आणि माझ्याकडे न बघता आत गेली. ते बरंच केलं, कारण बैठक चालू होती.

रविवार, ८ डिसेंबर
पाय उत्तम. म्हणत होतो ना! तीन पेट्यांनी काही झालं नाही.

मंगळवार, १० डिसेंबर
अंगठा, घोटा आणि आता डावा पायसुद्धा. हे गाऊट नाही. कुणाची तरी नजर.

दोरिकाला म्हणालो, राहिलेल्या गोळ्या एकदम दे, मागची भरपाई होईल. तिने गोळ्यांचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली कमरेला. म्हणाली, दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं, आणि तुमच्याकडे मुंगीपुरता वेळ राहिलेला नाही. मुहोंजाला बोलावून आण म्हणालो. ती मांडवात आहे म्हणे. मांडव खिडकीतून दिसतो. ती तिथे नव्हती.

कोबी, लिंबू, कडुनिंब, बादली, सगळं एकदम चालू केलं. पाद्रीबाईंनी प्रार्थना करून पाहिली. बादलीतलं पाणी कोमट झालं, एवढाच फरक.

शुक्रवार, १३ डिसेंबर
डॉक्टर घरी आला. सुई टोचली. उद्या चालेन का विचारलं. तो पोरगा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, चीफ, उद्या बसा.

एनोसने तोडगा काढला: खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवू, चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसवू, चार जण तयार आहेत. मी साफ नाही म्हणालो. चीफला लोक उचलतात ते एकदाच, आणि तेव्हा तो पेटीत असतो. चालत जाईन, नाहीतर जाणार नाही. मोडेन पण वाकणार नाही.

एनोसने मान डोलावली. त्याचा सूट शिवून आलेला आहे. मी विचारलं नाही, त्याने दाखवला नाही, पण दोरीवर वाळत घातलेला शर्ट नवा होता.

रात्रीत उतरेल. आधीही उतरलं होतं.

शनिवार, १४ डिसेंबर
उतरलं नाही.

सकाळी आठ. सूट घातला. कोट, टाय, सगळं. पायात मोजासुद्धा चढेना.

साडेनऊ. अंगणात गाड्या, बायकांची गाणी. दोरिका नव्या कपड्यांत येऊन उभी राहिली. माझा टाय सरळ केला. अजूनही चला म्हणाली, खुर्ची तयार आहे. मी भिंतीकडे बघत राहिलो. माझ्या चार वाक्यांची भाषणं ऐकायला लोक दोन डोंगर ओलांडून यायचे. आज ‘बरं, येतो’ एवढंच म्हणायचं होतं.

दहा. मुहोंजा आली. पांढऱ्या पोशाखात दारातून खुर्चीपर्यंत एकटी चालत आली. मी म्हणालो, एनोसच्या हाताला नीट धर, तो झपाझप चालतो. ती म्हणाली, काकांना मी नको म्हणून सांगितलंय. ते मागे बसतील. मी एकटीच जाणार. लोक विचारतील, मी म्हणालो. विचारू देत, ती म्हणाली.

मग मी म्हणालो, चीफची मुलगी शोभतेस. म्हणायचं ते नव्हतं. ती वाकली, माझ्या कपाळाला कपाळ लावलं. पोशाखाचा घोळ अंगठ्यावर आला. मी ओरडलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो नाही आणि तिला ते कळलंसुद्धा नाही.

ती दाराशी गेल्यावर मी म्हणालो, येतो मी. खुर्ची आणा. बाहेर हॉर्न वाजायला लागले होते, बायका गात होत्या. तिला ऐकू गेलं नाही. परत म्हणायला हवं होतं.

फाटक उघडं टाकून गेलेत.

अकरा. चर्चच्या कर्ण्यातून गाणं स्पष्ट येतंय. पाद्रींचा आवाज: सर्वांनी उभे राहावे.

खुर्चीच्या हातांना धरून उभा राहिलो. पूर्ण गाणं होईपर्यंत. तेवढं जमलं.

मग बसलो.