हरलेल्याने नाव सांगावे

मी, व्हर्ना मारी लुत्झ, कै. वॉल्टर लुत्झ यांची पत्नी, वय ७९, राहणार एव्हान्सव्हिल, इंडियाना, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे यकृत निकामी होत चालले आहे, डोके नाही. डॉक्टरांनी दोन्हींबद्दल लेखी दिले असून तो कागद सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. ज्यांनी आणून पाहिले त्यांची नावे पुढे येतील. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे याद्वारे रद्द समजावीत.

१. मला वॉल्टरशेजारी पुरावे. पेटी बंद ठेवावी. त्या दिवशी आपल्या बास्केटबॉल संघाचा सामना असेल तर तो पुढे ढकलू नये. लोकांनी तिकिटे काढलेली असतात. नंतर येणाऱ्यांना पर्सिमनच्या फळांचे पुडिंग द्यावे, आणि ते विकत आणलेले नसावे.

२. नदीकाठचे राहते घर विकून येणारी सर्व रक्कम शहरातील मुलींच्या बास्केटबॉलसाठी स्वतंत्र व्यायामशाळा बांधण्याकरिता द्यावी. मी ब्लूमिंग्टनला गणित शिकत असताना मुलींना अर्ध्या मैदानापलीकडे पाऊल टाकण्याची परवानगी नव्हती. धावत येऊन रेषेवर थांबायचे आणि चेंडू पलीकडच्या मुलीला द्यायचा. मी उत्तम खेळत असे. पलीकडे काय केले असते ते मला कधीच कळले नाही. व्यायामशाळेला माझे नाव देऊ नये. मैदान पूर्ण मापाचे असावे.

३. बँकेतील शिल्लक माझा पुतण्या कर्ट लुत्झ याच्या दोन मुलींच्या शिक्षणासाठी. ती कर्टच्या हाती न देता परस्पर कॉलेजांकडे भरावी. कर्ट अप्रामाणिक नाही, पण त्याला पैसे कुठेतरी गुंतवल्याशिवाय चैन पडत नाही.

४. मोठे ॲल्युमिनियमचे कॉफीचे भांडे, जे संघाच्या कार्यालयात असे, ते निवृत्त प्रशिक्षक रॉय डंकेल यांस. कारण त्यांना माहीत आहे, पण न्यायालयाला नसेल, म्हणून लिहिते.

आमचा संघ, एव्हान्सव्हिल फेरीमेन, माझ्या सासऱ्यांनी उभा केला. दर जूनमध्ये लीगमधील सर्व संघ पाळीपाळीने नव्या खेळाडूंतून एकेक निवडतात. आपली पाळी आली की काही मिनिटांत नाव सांगावे लागते. त्यासाठी आमच्या बैठकीच्या खोलीत एक लोखंडी फळा आहे. त्यावर खेळाडूंच्या नावांच्या चुंबकी पट्ट्या दोनदा लावतात: डाव्या रकान्यात गुणांच्या क्रमाने, उजव्या रकान्यात जागेनुसार, म्हणजे चेंडू आणून खेळ चालवणारे गार्ड एकीकडे, बास्केटखाली उभे राहणारे उंच सेंटर दुसरीकडे. दोन्ही रकाने एकच नाव सांगत असतील तर कोणीही शहाणा ठरतो. भांडण होते ते सांगत नसतील तेव्हा.

१९८८च्या जूनमध्ये ते सांगत नव्हते. आमचा जुना सेंटर निवृत्त झाला होता. डाव्या रकान्यात सर्वांत वर टेरेन्स वायकॉफ हा गार्ड होता. पण गार्ड आमच्याकडे होता, आणि चांगला होता. उजव्या रकान्यातील सेंटरांत पहिला होता पाइन ब्लफ, आर्कान्सा येथील एमेट पेटिफर्ड. डावीकडे त्याचे नाव शोधायला मान बरीच खाली घालावी लागत असे.

मी म्हटले, "वायकॉफला घ्या. आज कुठे जागा रिकामी आहे ते बघू नका. ती उद्या दुसरीकडे असेल."

रॉय डंकेल म्हणाले, "वहिनी, बास्केटखाली कोणाला उभं करू? तुम्हाला? तुम्ही आपलं कॉफीचं बघा."

खोलीत सगळे हसले. वॉल्टर, तेव्हाचा अध्यक्ष, हसला नाही, पण त्याने पट्टी उचलली ती पेटिफर्डची.

आता वॉल्टरचा नियम सांगते, कारण पुढचे सर्व त्यावर आहे. खोलीतले भांडण खोलीत राहावे आणि कोणी रुसून बाहेर पडू नये, म्हणून ज्याने निवडीला सर्वांत जास्त विरोध केला असेल त्यानेच न्यूयॉर्कमधील लीगच्या टेबलाला फोन करून निवडलेले नाव सांगायचे. हरलेल्याने नाव सांगायचे. एकदा ते तोंडाने उच्चारले की तो खेळाडू सांगणाऱ्याचाही झाला, असे वॉल्टर म्हणे. मी फोन उचलला आणि नाव सांगितले. पलीकडचा माणूस म्हणाला, "ऐकू नाही आलं, परत सांगा." मी परत सांगितले, या वेळी मोठ्याने.

वायकॉफला पुढच्याच पाळीला दुसऱ्या संघाने घेतले. त्याच नाताळात आमच्या चांगल्या गार्डचा पाय मोडला आणि तो पुन्हा पूर्वीसारखा धावला नाही. त्यानंतर बारा वर्षे वायकॉफ आमच्याविरुद्ध या शहरात येऊन खेळत राहिला, आणि आमचेच लोक उभे राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत राहिले. मी तेव्हा बरोबर होते. आजही आहे. रॉयने कॉफी करून प्यावी.

५. वरील लोखंडी फळा, सर्व पट्ट्यांसह, एमेट पेटिफर्ड यांस.

एमेट सहा हंगाम खेळला. गुडघे गेले. सेंटर म्हणून तो कामापुरता होता, त्याहून अधिक नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेले आहे. खेळणे थांबल्यावर वॉल्टरने त्याला नवे खेळाडू पाहायला गावोगाव पाठवायला सुरुवात केली. मला ती केवळ दया वाटली होती. एका रविवारी तो आमच्याकडे जेवायला होता आणि वॉल्टरने जुना विषय काढला.

एमेट वाढून घेता घेता म्हणाला, "साहेब, खरं सांगू? मीपण वायकॉफलाच घेतलं असतं."

वॉल्टरचा काटा हातातच राहिला. मी विचारले, "तुला राग नाही येत असं बोलताना?"

"राग कशाला, मिसेस लुत्झ? तुम्ही त्याला नुसतं बघितलंत. मी त्याच्या समोर उभा राहिलोय. आणि माझं नाव घेताना तुमच्या तोंडात लिंबू होतं, हे मला न्यूयॉर्कच्या त्या फोनवाल्यानं पहिल्याच वर्षी सांगितलंय. बटाटे सरकवा जरा इकडे."

जो माणूस स्वतःला फळ्यावर योग्य जागी लावू शकतो, तो कोणालाही लावू शकतो. ते मला त्या जेवणाच्या टेबलावर कळले आणि नंतरच्या वीस वर्षांत त्यात बदल करण्याचे कारण सापडले नाही. आमचे अजिंक्यपद ज्या मुलाने आणले त्याला एमेटने केंटकीतल्या गळक्या छपराच्या हॉलमध्ये पाहिले होते. तिथे गेलेले दुसऱ्या संघांचे लोक मध्यंतरालाच निघून गेले होते.

६. आता संघ. फेरीमेनची निम्म्याहून अधिक मालकी माझ्याकडे आहे, आणि तिच्यासोबत अध्यक्षपदाची खुर्ची. मी येता जून पाहीन असे डॉक्टरांना वाटत नाही. त्यामुळे या जूनची निवड माझ्यानंतर खुर्चीवर बसणारा करील. या वर्षीही दोन्ही रकाने जुळत नाहीत. या वर्षीही आमच्याकडे सेंटर नाही, आणि डावीकडे सर्वांत वर एक गार्ड आहे.

कर्ट आणि एमेट जानेवारीत या टेबलाशी बसले होते.

कर्ट म्हणाला, "काकू, तो सेंटर मुलगा सात फुटांचा आहे आणि आपल्याकडे उंच माणूस नाही. यात विचार कसला करायचा?"

"सात फुटांचा मीपण होतो," एमेट म्हणाला.

"मग?"

"मग काय. सात फूट मोजायला टेप पुरते. त्यासाठी मला पगार कशाला देता?"

"बरं, तू काय मोजतोस मग?"

"त्याला बाकावर बसवला की तो खेळ बघतो, का प्रेक्षकांत आई शोधतो, ते."

मी म्हटले, "आई शोधण्यात वाईट काय आहे?"

"काही नाही. मी शोधायचो ना. म्हणून तर सहा हंगामांत घरी आलो."

एमेट गेल्यावर कर्टने स्वतःची कॉफी पुन्हा भरली आणि म्हणाला, "काकू, स्पष्ट बोलतो. संघाला आज खेळातलं कळणारा माणूस नकोय, हिशेबातलं कळणारा हवाय. रिकामी जागा ती आहे. आणि त्या जागेचा माणूस घरातच आहे. शिवाय मी लुत्झ आहे."

हे त्याने प्रामाणिकपणे सांगितले आणि त्यातले एक अक्षरही खोटे नाही. कर्ट हिशेबात हुशार आहे, मेहनती आहे, आणि त्याच्या आजोबांनी हा संघ उभा केला. उजव्या रकान्यात त्या जागेसमोर दुसरे नावच नाही. मी आठवडाभर त्यावर विचार केला. वॉल्टर असता तर त्याने कर्टची पट्टी उचलली असती, हेही मला माहीत आहे.

परंतु हिशेबाची जागा पगारावर माणूस ठेवून भरता येते. डोळा पगारावर मिळत नाही. तो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे असतो, आणि त्याला खुर्चीवर बसवले नाही तर खुर्चीवरचा माणूस त्याचे ऐकून घेतो आणि पट्टी दुसरीच उचलतो. मी त्या खोलीत बसलेली आहे. हे मला कोणी शिकवायला नको.

म्हणून मी लिहून ठेवते की, माझ्या मालकीचे उत्पन्न कर्ट लुत्झ व त्याच्या पश्चात त्याच्या मुलींना मिळावे. हिशेबाचे प्रमुखपद कर्टकडेच राहावे. मात्र मालकीसोबतचा मताचा अधिकार आणि अध्यक्षपदाची खुर्ची एमेट पेटिफर्ड यांना द्यावी, आणि ते ती स्वतःहून सोडीपर्यंत त्यांच्याकडेच असावी. लीगच्या मंजुरीची कागदपत्रे वकिलांनी तयार ठेवली आहेत. संघ एव्हान्सव्हिलबाहेर हलवू नये. कर्टने याविरुद्ध दावा केल्यास त्याचे उत्पन्न कलम २ मधील व्यायामशाळेकडे जावे. तो करणार नाही. तरी लिहिलेले बरे.

शहरातले काही लोक म्हणतील की म्हातारीने एकतीस वर्षांपूर्वी नको असलेल्या माणसाची भरपाई केली. भरपाई करायला मी काही चुकवलेले नाही. एकतीस वर्षांपूर्वी फळ्यावर त्याच्यापेक्षा वरचा माणूस होता. आज नाही.

जूनमध्ये कोणाला घ्यावे याबद्दल मी काही लिहीत नाही. माझे मत एमेटला ठाऊक आहे. त्याला पटले नाही तर त्याने ऐकू नये.

७. माझ्यानंतर संघाच्या संचालकांची पहिली बैठक फळ्याच्या खोलीत व्हावी. तीत हे मृत्युपत्र वकिलांनी वाचू नये. नव्या अध्यक्षाचे नाव कर्ट लुत्झ याने उभे राहून सांगावे. हा दंड नाही, त्याच्या काकांचा नियम आहे, आणि तो मीही पाळला आहे.

कर्ट, पहिल्याच वेळी मोठ्याने सांग. मला दोनदा सांगावे लागले होते.

वर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचून पाहिले. ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे म्हणून खालील दोघांच्या समक्ष सही करीत आहे. यांपैकी कोणालाही या मृत्युपत्रान्वये काही मिळत नाही, पुडिंग मिळेल.

(सही) व्हर्ना मारी लुत्झ

साक्षीदार:
१. (सही) रोझाली गेलहाउसेन, शेजारी
२. (सही) फादर क्लेमेंट ओबरहाउस

स्थळ: एव्हान्सव्हिल, इंडियाना
दिनांक: ११ मार्च २०१९