पारड्यात बसलेला मामा

॥ श्री बालाजी समर्थ ॥
देऊळगाव राजा, ३ नोव्हेंबर २०२४

चि. स्वरदास लक्ष्मीकांतमामाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

प्रथम एका गंभीर प्रकरणाकडे लक्ष वेधतो. तुझ्या मातोश्रींनी चिवड्याचा जो डबा धाडला, त्यावर झाकण भलत्याच डब्याचे आहे. रोज सकाळी मी मंगलाष्टके म्हणून दोघांना एकत्र आणतो. दुपारपर्यंत काडीमोड झालेला असतो. याचा जाब कोणी द्यावा?

डॉक्टरबाईंनी तुझा फोन बाजूला ठेवायला लावला, हे माझ्या पथ्यावर पडले. एरवी भाचीचे अक्षर कुठे दिसते? ज्युदो सुटल्यापासून प्रकृती सावरते आहे, दोन्ही वेळा जेवतेस, असे तुझ्या आईने, म्हणजे आमच्या स्नेहलताने, कळवले. त्यावर आजीला धीर धरवेना. तू बुलढाण्याच्या दवाखान्यात होतीस, तेव्हाच ती नवस बोलली होती: पोर बरी झाली की बालाजीपुढे तिची गूळतुला. एका पारड्यात तू, दुसऱ्यात गूळ. तेव्हा त्रिपुरी पौर्णिमेला ये. उकंडरावांच्या दुकानातून गुळाच्या भेल्या आल्यासुद्धा. स्वरदा आता किती भरली असेल, असे आजी रोज विचारते. मी म्हटले, जितकी भरेल तितका गावाला प्रसाद. तेव्हा आठवडाभर जरा जोर लाव.

लोभ आहेच, वाढला तरी हरकत नाही.
मामा


मलकापूर, ९ नोव्हेंबर

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं झाकण आमच्याकडे आहे. आई दिवाळीपासून त्याचा डबा शोधते आहे.

पौर्णिमेला मी येणार नाही. आजीला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. आमच्या घरात आता वजनकाटा नाही. तपासणीला मी काट्यावर पाठमोरी उभी राहते. आकडा फक्त डॉक्टरबाई बघतात. आणि तुम्ही म्हणता, गावासमोर पारड्यात बस.

स्पर्धा आली की सर आम्हाला भर मे महिन्यात दोन-दोन स्वेटर घालून पळवायचे. कुणी पाण्याकडे वळली की विचारायचे, काऊन वं, पदक नाही पाह्यजे का तुले? मी खालच्या वजनगटात बसले, पदक आलं, तुम्ही गल्लीभर पेढे वाटलेत. मी पेढा खाल्ला नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आता सर नाहीत, पण ताट पुढे आलं की मीच मला त्यांच्या आवाजात विचारते.

तो आवाज कमी झाला होता. तुमचं पत्र आलं आणि परत सुरू झाला. अर्धी भाकर ओढणीत जाते, तिथून शेजारच्या अंबूबाईंच्या शेळीला. शेळी चांगली भरली आहे, हवं तर तिची तुला करा. काल जिना चढताना डोळ्यांपुढे अंधार आला, भिंत धरावी लागली. आईला सांगू नका. ती परत माझ्या ताटासमोर बसून रडेल.

रागावला नसाल तर दोन ओळी लिहा.
स्वरदा


देऊळगाव राजा, १७ नोव्हेंबर

चि. स्वरदास आशीर्वाद. मागल्या खेपेचा 'पोटभर' परत घेतला आहे.

आजीला सगळे सांगितले. तिने एक भेली उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाली, पोर जड लागावी म्हणूनच तर बोलले होते रे मी. पण बोललेला नवस माघारी घेता येत नाही, हा तिचा हेका. तेव्हा मी यज्ञशास्त्र पुढे केले. सोमवल्ली मिळाली नाही तर तिच्या जागी पूतीक नावाची वेल चालते; मग भाचीच्या जागी मामा का चालू नये? तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि गूळ पुरणार नाही, एवढाच आक्षेप घेतला.

तो खरा ठरला. पौर्णिमेला मी पारड्यात बसलो, दोरखंड करकरले, सगळ्या भेल्या चढल्या तरी मी जमिनीवरच. उकंडरावांना दुकान पुन्हा उघडावे लागले. माझे विद्यार्थी पुढच्या रांगेत होते. शनिवारी फळ्यावर त्यांनी जे चित्र काढले, त्याचे वर्णन इथे करत नाही. लोक हसत होते. आजी हसली नाही. नवस तू बरी झाल्यावर फेडायचा होता आणि आपण तो आधीच फेडून बसलो, हे तिला कळते.

तुला गूळ पाठवलेला नाही.

हे पत्र तुला दवाखान्यात मिळेल. जिन्याचे वाचले आणि मी त्याच क्षणी स्नेहलताला फोन केला. तू सांगू नका म्हटले होतेस, मी सांगितले. पुन्हा तसे लिहिलेस तर पुन्हा सांगेन. मामाचे नाव काढू नका असे तू म्हणालीस, हेही तिने कळवले. रागाव, तो तुझा हक्क आहे.

आमचा लोभ काट्यावर चढत नाही, एवढे ध्यानात असू दे.
मामा

ता. क. शेळीचे तू लिहिलेस म्हणून आम्हाला कळले. आता तू मला खरे लिहिणार नाहीस, याची भीती वाटते. नीटस अक्षरात लिहिशील, भाकर खाल्ली, वरण खाल्ले. आम्ही इथे आनंदाने मोठ्याने वाचू, आणि तू तिकडे आमच्या हातून जाशील.