फाळक्यावर मारलेला हात

मी, सहादू केरू साळवे, वय सत्तरीच्या पुढे, धंदा जन्मभर ट्रक चालवणे, राहणार शेवगाव, जिल्हा अहिल्यानगर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दाबाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून देतो. डावा पाय गुडघ्याखाली नाही, पण डोकं जागेवर आहे. रागात आहे हे खरं. वकीलसाहेब म्हणाले, राग उतरल्यावर लिहू. मी म्हणालो, मग हा कागद कधीच व्हायचा नाही, लिहा तुम्ही.

१. राहते घर मी स्वकमाईने बांधले. ते पत्नी भामाबाई हयात असेपर्यंत तिचे, तिच्या पश्चात मुलगा नितीन व मुलगी माधुरी यांचे निम्मे-निम्मे. बँकेत असेल ते सगळे भामाबाईचे. तिने स्वतःवर खर्चावे, लेकाच्या हौशीला एक छदाम देऊ नये.

२. पान्यांची पेटी, जॅक व चाकं खोलायची टॉमी माधुरीला. ती श्रीरामपूरला नांदते आणि नवऱ्याबरोबर मालाचा टेम्पो चालवते. तिला गाडी मीच शिकवली. तेव्हा भावकीने तोंडं वाकडी केली, ती अजून सरळ झाली नाहीत. त्यांची त्यांना लखलाभ.

३. आता ट्रक. याबद्दल जरा लिहावंच लागेल.

हा ट्रक मी जुना घेतला आणि माझ्या हातात तो आणखी म्हातारा झाला. इंजिनाचा आवाज बसका, संथ. नितीनला त्याची लाज वाटायची, कारण त्याला मोबाईलवर व्हिडिओ टाकायचे होते. मी डोळ्याच्या ऑपरेशनला नगरला गेलो, तेवढ्यात त्याने कानिफनाथ मिस्त्रीला हाताशी धरलं. इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा बिडाचा मॅनिफोल्ड काढला आणि त्या जागी बाजारातल्या चकचकीत नळ्या बसवल्या. ही पोरं त्याला हेडर म्हणतात. वर सायलेन्सरही काढून टाकला. गंजलेले बोल्ट डिझेलने भिजवून दमादमाने सोडवायचे असतात. यांनी हातोडा घातला आणि दोन बोल्ट आतच मोडले. तिथून आजही धूर फटफटतो, तो थेट केबिनमध्ये.

मी घरी आलो तर गल्लीतली कुत्री पळत होती आणि माझा लेक हसत होता. काढ म्हणालो, तर म्हणतो, "दादा, तुमाला न्हाई कळायचं." माझा जन्म गेला त्या स्टिअरिंगमागं, आणि मला कळायचं नाही!

ट्रक मागे घेताना मागे उभा असलेला माणूस फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेवर, हात मारतो. एकदा मारला की थांब, लागोपाठ दोनदा मारला की चल. मी क्लिनर म्हणून लागलो तेव्हा उस्तादाने सगळ्यात आधी हेच शिकवलं. तोंडाने ओरडलेलं वाऱ्यावर जातं, पण फाळक्यावर मारलेला हात पत्र्यातून केबिनपर्यंत पोचतो.

गेल्या उन्हाळ्यात सोनईला एका कांदाचाळीशी ट्रक मागे लावायचा होता. चालवत होता नितीन. सून यशोधरा माहेरी निघाली होती, ती शेजारी बसलेली. मागे डाव्या कोपऱ्याला मी, आणि माझ्यामागे चाळीचा दगडी ओटा. जागा संपली तसा मी फाळक्यावर हात मारला. ट्रक थांबला नाही. मग नुसता बडवत राहिलो. त्या नळ्यांच्या बोंबलण्यात काही ऐकू गेलं नाही आणि बंपर व ओटा यांच्यात माझा पाय गेला.

तेव्हा मी एका शब्दाने बोललो नाही. पोटचं पोर, मुद्दाम थोडंच केलं. पण दवाखान्यात येईल त्याला हा सांगू लागला, "दादांनी हात मारलाच न्हाई. म्हातारपन हाय, इसरले." आता सगळं शेवगाव म्हणतं, सहादू फाळक्यावर हात मारायला विसरला. पाय माझा गेला आणि चूकही माझीच! चोराच्या उलट्या बोंबा. हे मला पायापेक्षा जास्त दुखतं.

एकदा तो घरी एका पाहुण्याला हेच सांगत होता. यशोधरा चहा घेऊन आली, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मामांनी हात मारला. म्या आरशात बघितला. तुमाला वरडून सांगितलं, तुमाला माजंबी ऐकू आलं न्हाई." नितीन उठून बाहेर गेला. तेव्हापासून तो तिच्याशी बोलत नाही.

४. म्हणून ट्रकची व्यवस्था अशी. जुना मॅनिफोल्ड नितीनने भंगारात घातला होता. भामाबाईने स्वतःचा तांब्याचा हंडा देऊन तो सोडवून आणला. तो माझ्या खाटेखाली आहे. माधुरीने मोडके बोल्ट काढून, नवे गॅस्केट घालून तो परत बसवावा, सायलेन्सरही लावावा. मग ट्रक सोनईच्या त्याच चाळीशी न्यावा. स्टिअरिंगवर माधुरी बसेल. मागे, मी उभा होतो तिथेच, नितीन उभा राहील. जागा संपली की त्याने एकदा हात मारावा. भीती वाटली तर वाटू द्या. माधुरीला ऐकू येईल, ती थांबेल. मग तिथल्या माणसांसमोर त्याने म्हणावं, "दादांनी हात मारला होता. मला ऐकू आला नाही."

एवढं केलं तर ट्रक त्याचा. माझ्यामागे वर्षाच्या आत केलं नाही तर ट्रक यशोधराचा. तिने ठेवावा, विकावा, तिची मर्जी. फक्त नितीनला देऊ नये. आणि हेच त्याने मी जिवंत असताना केलं, तर हा कागद मी स्वतः फाडीन.

५. काढलेले हेडर कानिफनाथ मिस्त्रीला परत द्यावे. त्याने ते गॅरेजच्या दारात टांगावे आणि रोज बघावे. मालकाला विचारल्याशिवाय मालकाची गाडी उघडू नये, एवढं तरी कळेल.

६. माझ्या मयतीला त्रिसरण-पंचशील म्हणावे. चौथे शील, खोटे न बोलण्याचे, नितीनने मोठ्याने म्हणावे. ट्रकला तोवर नळ्याच असतील तर त्या दिवशी तो गल्लीत चालू करू नये.

वरील मजकूर मला व साक्षीदारांना वाचून दाखवला. मध्येच नितीनने दारात ट्रक चालू केला, म्हणून वाचन थांबवावे लागले. तो गावाबाहेर गेल्यावर पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचले. तेव्हा सगळ्यांना ऐकू आले.

साक्षीदार :
१. भीमराज दगडू साळवे, शेवगाव (सही)
२. ज्ञानेश्वर रंगनाथ काळे, सोनई (सही)

ठिकाण : शेवगाव
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार : सहादू केरू साळवे (सही)

सहीखाली उजव्या हाताचा पूर्ण पंजा उठवला आहे. वकीलसाहेब म्हणाले, अंगठा पुरे. मी पंजाच लावला. फाळक्यावर मारला तो हाच हात.