आईची पट्टी

रविवार, संध्याकाळ. लोणावळा.

आईला माती देऊन दहा दिवस झाले. आज चर्चमध्ये पुन्हा पेटी वाजवायला बसले.

गेली तीन वर्षं मी प्रत्येक गीत खालच्या पट्टीत वाजवत आले. आईचा आवाज उतरला होता आणि तिला ते कळू द्यायचं नव्हतं. आठ-दहा महिन्यांनी एक सूर खाली. पांढरी चारवरून काळी एकपर्यंत. ती खूश असायची. "बघ, अजून पोचतो की नाही माझा आवाज!" मंडळीही कुरकुर न करता खालीच गात राहिली.

आज उपासनेआधी गायनवृंदातली रूथ म्हणाली, "ताई, आता पट्टी वर घेऊ या ना?" चुकीचं काय होतं त्यात? घेतली वर. पांढरी चार. सगळं चर्च मोकळ्या गळ्याने गायलं. इतकं छान, की मला पुढचं कडवं दिसेना.

बाहेर कामशेतच्या शालनमावशी थांबल्या होत्या. आयुष्यभर आईशेजारी बसून गायल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "तू पट्टी उतरवायचीस ते तिला ठावं व्हतं गं. मला म्हनायची, शालन, बोलू नगंस. पोरीला वाटू दे, मला कळत न्हाई."

मग ते "अजून पोचतो" ती कुणासाठी म्हणायची? माझ्यासाठी?

मी दर वेळी म्हणायचे, "पोचतो ना, आई." आणि तिच्याकडे न बघता पुस्तकाचं पान उलटायचे.

एकदा तरी बघायला हवं होतं.