औषध म्हणून लग्न

मोताळा,
ता. १५ नोव्हेंबर १९६६

प्रिय इंद्रभान यास ताईचा मनापासून जयभीम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. कापूस वेचणीला आला आहे, सासूबाईंचा खोकला गेला, शेळीनं दोन पिल्लं दिली. नागपूरच्या मेसचं जेवण आवडत नाही म्हणतोस, जेव मुकाट्यानं. आपल्या घरातला पहिला डॉक्टर उपाशी नको.

तुझं पत्र तुझ्या भाऊजींनी दोनदा मोठ्यानं वाचलं. तू लिहिलंस की कोकिळेच्या डॉक्टरांचं बरोबर आहे, पाळीतलं असलं दुखणं लग्न होऊन मूल झालं की थांबतं, पुस्तकातही तसंच आहे, आणि ताईचंही थांबलंच की. झालं! सुलतानपूरचे पाहुणे पुढच्या रविवारी बोलणी पक्की करायला येताहेत. कोकिळा, तुझी भाची, अजून दहावीत आहे.

भाऊजींवर माझा राग नाही. लेक दर महिन्याला शाळेतून कळवळत घरी येते, तेव्हा त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. परवा ती लग्नाच्या गोष्टीनं रडायला लागली, तर जवळ घेऊन म्हणाले, "तुह्या मायलेबी असंच होये. थांबलं ना? मंग काऊन रडून राह्यली?" मी चुलीपुढे होते. भाकरी थापत राहिले.

आता ऐक. भावाला लिहायची ही गोष्ट नव्हे, पण तू डॉक्टर होणार आणि तुला मी कडेवर खेळवलंय, तेव्हा लाज कसली. माझं लग्न याच सल्ल्यावर झालं. सातवीची परीक्षाही देऊ दिली नाही. दुखणं लग्नानं थांबलं नाही, कोकिळा झाल्यावर थांबलं नाही, तिच्या पाठच्या दोघांनंतरही नाही. आजही पोटाला पीळ पडतो. मी वेचणीला जाते, शेताच्या धुऱ्यावर जरा बसते, परत उठते. डॉक्टरकडे पुन्हा गेले नाही, म्हणून बरी झाले असं सगळ्यांनी धरलं. मला कोणी विचारलंच नाही रे. तुझ्या पुस्तकवाल्यांनी तरी बाळंतपणानंतर कोणा बाईला विचारलं होतं का, ते तुझ्या सरांना विचारून पाहा.

काल मी कोकिळेला खरं सांगितलं. तशी ती म्हणाली, "माय, मंग तुले आताबी दुखून राह्यलं का?" दुखतच होतं. हो म्हटलं. तिनं वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि माझ्या पोटाशी धरली. एवढी मोठी बाई मी, लेकीपुढे रडले.

तिला काय झालंय हे तुला ठाऊक नसेल तर तसंच लिही, त्यात डॉक्टरला कमीपणा नाही. तिकडे कोणाला दाखवता येईल का तेही बघ. पण लग्न हे औषध नाही, एवढं भाऊजींना लगेच कळव. माझ्यापेक्षा ते तुझं ऐकतात. याचं मला वाईट वाटतं, पण ते भांडण नंतर. मामानं लग्नात भाचीच्या पाठीशी उभं राहायचं असतं. तू आधीच उभा राहा.

पत्र वेळेत आलं नाही, तर पाहुण्यांपुढे चहा मीच नेईन आणि सासूबाईंसकट सगळ्यांच्या देखत सांगेन, की माझं थांबलेलं नाही. लोक काय म्हणतील ते म्हणू देत.

कोकिळेची आई,
आणि मग तुझी ताई,
सिंधू